न हलणारा हात

दुपारच्या जेवणानंतर यशोधरा रामटेके जागेवर येऊन बसते न बसते तोच समोरच्या पडद्यांच्या भिंतीवर लाल चौकट उमटली. भंडारा, बसस्थानकासमोरचं एटीएम. खाली 'जागल्या'नं लिहिलं होतं : 'उजव्या बाजूला कपड्यांखाली शस्त्र असण्याची दाट शक्यता. दार बंद केले आहे.'

चौकटीत तिची आई होती.

यशोधरानं डोळे मिटून पुन्हा उघडले. आईच. फिकट निळी साडी, डाव्या खांद्याला कापडी पिशवी आणि मैदानावर उभं राहावं तशी ताठ पाठ. भंडाऱ्याच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली शारीरिक शिक्षणाची बाई, निर्मला रामटेके, काचेच्या खोलीत उभी राहून न उघडणारं दार ढकलत होती.

नागपूर विमानतळाजवळच्या या इमारतीतून राज्यभरातल्या बँकांच्या शाखा आणि एटीएम सांभाळली जात. दारावरचा बंदूकवाला, स्टुलावर पेंगणारा रखवालदार, ही माणसं केव्हाच घरी गेली होती. तिजोरीला बसलेला हादरा, कुलपाजवळ वाढलेली उष्णता, पत्रा कापल्याचा आवाज, सगळं जागल्या या यंत्राला इथे बसून कळायचं. पण त्याची खरी करामत माणसं वाचण्यात होती. चेहरे साठवायला कायद्यानं बंदी आली तेव्हापासून तो चाल बघायचा. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा तो ठिपके आणि रेघांचा सांगाडा करायचा : खांदा, कोपर, मनगट, गुडघा. त्या रेघा कशा हलतात यावरून कोण पैसे काढायला आलाय आणि कोण दुसऱ्याच उद्योगाला, हे तो ठरवायचा. दालनात बसलेल्या माणसांनी फक्त त्यानं दाखवलेलं बघायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं.

ओळखीचं माणूस दिसलं तर चौकट शेजारच्या टेबलाकडे ढकलायची, असा नियम होता. यशोधराचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही.

"दोन्ही हात डोक्याच्या वर करा," केबिनमध्ये जागल्याचा आवाज घुमला.

आई दचकली. "कोण बोलून राहिलं?"

"दोन्ही हात डोक्याच्या वर करा."

तिनं पिशवी खाली ठेवली. डावा हात झटकन वर गेला. उजवा सावकाश खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. भिंतीवर नवी ओळ उमटली : 'आज्ञेचे पालन नाही. पोलीस वाहन रवाना. धुके सोडण्याची तयारी.'

धुकं म्हणजे छतातून सुटणारी दाट पांढरी वाफ. चोराला स्वतःची बोटंही दिसू नयेत म्हणून केलेली सोय. त्यात माणसं घाबरून भिंतीवर आपटतात, हे यशोधरानं पडद्यावर अनेकदा पाहिलं होतं. तिनं माइक चालू केला.

"आई! आई, मी यशू बोलतेय. घाबरू नको. हलू नको."

आईनं वर पाहिलं, थेट कॅमेऱ्यात. तिच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली आणि तिथे जे आलं ते यशोधराला बघवेना.

"यशू? तू मला कोंडून ठेवलं?"

यशोधरानं अंगठा टेकवून दार उघडलं. बाहेर पोलीस येऊन पोहोचले होते. एका महिला शिपायानं भररस्त्यात आईला हात पसरून उभं केलं, झडती घेतली, पिशवी उलटी केली. मेथीची जुडी, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. बसस्थानकावरची माणसं मोबाइल वर धरून चित्रीकरण करत होती. इकडे जागल्यानं यशोधराला नेहमीचा प्रश्न विचारला : 'नोंद कशी करू?' तिनं नेहमीचं उत्तर दाबलं. खोटा इशारा.

*

"नशीब समज, मी वर कळवत नाहीये," परिमल हरदास म्हणाला. तो तिचा वरिष्ठ होता. जागल्याला चाल शिकवणाऱ्या मूळच्या इंजिनिअरांपैकी एक. "आई असली म्हणून काय झालं? चौकट ढकलायची होती."

"तिच्याजवळ शस्त्र नव्हतं, सर."

"नसेल. पण जागल्याचं चुकलं असंही नाही. हे बघ." त्यानं पडद्यावर दोन सांगाडे चालवले. "माणूस चालताना डावा पाय पुढे टाकतो तेव्हा उजवा हात पुढे जातो. तोल सांभाळण्यासाठी. ठरवून करत नाही कुणी, मेंदू परस्पर करतो. आता कमरेला पिस्तूल खोचलेला माणूस घे. त्या बाजूचा हात तो अंगालगत धरतो, झुलू देत नाही. जागल्याला हजारो गुन्हेगारांच्या चाली दाखवून आपण हेच शिकवलं. एक हात झुलतो, दुसरा नाही. तुझ्या आईचा उजवा हात अजिबात झुलत नाही."

"का पण?"

"खांदा धरला असेल. म्हातारपण." हरदासनं पडदा बंद केला. "असले खोटे इशारे रोज येतात. फार विचार करू नको."

ती संध्याकाळीच भंडाऱ्याला गेली. बाबा गेल्यापासून आई 'खात रोड'वरच्या छोट्या घरात एकटी राहायची. दार उघडून ती आत वळली आणि यशोधराला दाराशीच ते दिसलं. डावा हात झुलत होता. उजवा कुणाचा तरी उसना आणल्यासारखा कुशीला लटकला होता. इतक्या वेळा आपण घरी येऊन गेलो आणि आपल्याला दिसलं नाही. ती चपला काढायचं विसरून उभी राहिली.

"शेजारच्या सोनकुसरेबाईंनी व्हिडिओ पाहिला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाजारातल्या लोकांनी पाहिला. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींनी पाहिला असेल. रामटेकेबाईची झडती झाली म्हणे, एटीएम फोडाले गेली होती."

"आई, उजव्या हाताला काय झालंय?"

"काही नाही. खांदा आखडला."

"कधीपासून?"

"असेल वर्ष-दोन वर्षं. तू विषय नको बदलवू. मी बंद होते तिथं आणि वरून तुझा आवाज येऊन राहिला होता. कसं वाटलं असेल मला?"

 यशोधरा आईच्या शेजारी जाऊन कणीक मळायला लागली. आई पोळ्या लाटत होती, आणि लाटणं एकाच बाजूनं दाबलं जात होतं. सगळ्या पोळ्या एकीकडे जाड झाल्या होत्या.

*

डॉ. नाझनीन काझी नागपुरात मेंदूविकारांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आईला व्हरांड्यात चालायला लावलं, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितली, मनगट धरून हात गोल फिरवला. मग विचारलं, "भाजीचा, फोडणीचा वास येतो?"

"नाही येत पहिल्यासारखा. सर्दीमुळे असेल."

"झोपेत हातपाय झाडता?"

आई हसली. "आता मला काय माहीत? एकटीच झोपते."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "रामटेकेबाई, हा पार्किन्सन्स आहे. कंपवात म्हणतात आपल्याकडे. नावात कंप आहे म्हणून लोक हात थरथरायची वाट बघत बसतात. पण तो सुरू होण्याच्या कितीतरी आधी मेंदूच्या तळाशी डोपामिन हे हालचालींचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरायला लागलेल्या असतात. आपोआप होणाऱ्या हालचाली पहिल्यांदा जातात. चालताना हात झुलणं ही त्यातलीच एक."

आईनं मांडीवरचा उजवा हात डाव्या हातात घेतला. "बरा होतो?"

"बरा होत नाही. पण लवकर कळलं तर औषध आणि व्यायाम यांच्या बळावर पुष्कळ वर्षं चांगली जातात. तुम्हाला खरंच लवकर कळलंय. एवढ्या सुरुवातीला सहसा कुणी येत नाही. कोणी पाठवलं?"

यशोधरानं सगळं सांगितलं. डॉक्टरांची लिहिण्याची गती मंदावली, मग थांबली.

"म्हणजे शस्त्र नसताना ज्यांचा हात झुलत नाही, अशी माणसं तुमच्या यंत्राला रोज दिसतात?"

"हो. रोज."

"त्यांचं काय करता तुम्ही?"

"नोंद बंद करतो. खोटा इशारा म्हणून."

"बंद करता?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, ती माणसं आजारी असतील. सगळी नाही, पण कितीतरी. आणि त्यांना ते माहीतच नसेल."

दुसऱ्या दिवशी यशोधरानं जागल्याला आईची चाल मागे मागे न्यायला सांगितली. चेहरा नसला तरी चाल साठवलेली होती. भंडाऱ्यातल्या त्याच केबिनमध्ये येणारा तोच सांगाडा, महिन्यामागून महिना. आधी दोन्ही हात सारखे झुलणारे. मग उजव्याचा झोका बोटभर कमी, मग वीतभर, मग नाही. पहिला फरक चार वर्षांपूर्वीचा होता. चार वर्षं यंत्राला आईच्या शरीरातली गोष्ट दिसत होती, आणि शस्त्राएवढी ती ठळक होईपर्यंत त्यानं वाट पाहिली होती.  यशोधरा उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

त्या आठवड्यात ती हरदासकडे गेली. लोकांना कळवू या, म्हणाली. एक साधा निरोप पाठवायचा : तुमच्या चालण्यात फरक दिसतोय, डॉक्टरांना दाखवा. हरदासनं मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. मग उठून तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "यशोधरा, इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. शाबास! मी वर मांडतो."

ती इतकी आनंदात होती की बसमधूनच तिनं आईला फोन केला.

*

पावसाळा संपता संपता तिला वरच्या मजल्यावरच्या सभागृहात बोलावणं आलं. बँकांची आणि विमा कंपन्यांची माणसं गोलाकार बसली होती. हरदासनं तिची ओळख करून दिली, "ही कल्पना यांची." लोकांनी मान हलवली.

मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर तिची आई चालत आली.

चेहरा पुसून टाकलेला होता. पण फिकट निळी साडी, कापडी पिशवी आणि ती पाठ यशोधरानं कुठेही ओळखली असती. तिच्या अंगावर चमकत्या रेघा काढल्या होत्या. उजव्या हाताभोवती पिवळं वर्तुळ होतं.

"ही ग्राहक," हरदास बोलत होता, "चार वर्षं स्वतःला ठणठणीत समजत होती. आपल्याला मात्र पहिल्या वर्षीच कळलं होतं. समजा, त्या वर्षी तिनं वीस वर्षांचं कर्ज मागितलं असतं तर?"

"किंवा विमा," कुणीतरी म्हणालं, आणि हलकं हसू पसरलं.

"म्हणजे ग्राहकाच्या आधी आपल्याला कळणार?" पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"ग्राहकाच्या आधी. त्याच्या डॉक्टरच्याही आधी. नवं काही बसवायचं नाही, कॅमेरे आहेतच. कर्जाचा अर्ज आला की जागल्या फक्त एक आकडा देईल : दीर्घकालीन जोखीम."

"आणि ग्राहकाला सांगायची जबाबदारी कुणाची?"

"कुणाचीच नाही. आपण रोगाचं निदान करतच नाही ना. हालचाल मोजतो."

टाळ्या पडल्या. यशोधरा उभी राहिली.  पडद्यावर आई पुन्हा पहिल्यापासून चालत येत होती, दाराकडून यंत्राकडे, दाराकडून यंत्राकडे. ती तशीच बाहेर पडली.

जिन्यात हरदासनं तिला गाठलं. "नोकरीला लागताना गुप्ततेच्या करारावर सही केली आहेस तू. एक शब्द बाहेर गेला तर कोर्ट आहे, हे विसरू नको."

"ती माझी आई होती, सर. तुम्हाला माहीत होतं."

"चेहरा पुसलाय," हरदास म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तेवढं पुरेसं आहे.

*

आईनं सगळं शांतपणे ऐकलं. अर्ध्यावर तिनं गॅस बंद केला.

"मला चालवून दाखवलं? परक्या लोकांसमोर?"

"हो."

"आणि ते माझ्यासारख्यांना आता कर्ज देणार नाहीत."

"कारणही सांगणार नाहीत. आई, मला बोलता येत नाही. माझी सही आहे."

"ते चालणं कोणाचं होतं?"

"तुझं."

"मग बोलायचा हक्क माझा. मी कुठं सही केली? तू गप्प बस. तुझं काम नाही हे."

सकाळी तिनं इस्त्रीची साडी नेसली, टेबलावर पुस्तकांच्या टेकूनं मोबाइल उभा केला आणि यशोधराला घराबाहेर काढलं. नंतर तो व्हिडिओ यशोधरानंही इतरांबरोबरच पाहिला. आई अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवते आणि मग कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहते.

"मी निर्मला रामटेके. माझा उजवा हात चालताना हलत नाही. मला कंपवात आहे. बँकेच्या यंत्राला हे चार वर्षं माहीत होतं, मला कोणी सांगितलं नाही. आता त्याच माहितीवर लोकांचं कर्ज अडवणार आहेत. मी ड्रिल शिकवायची, म्हणून सांगते. आपल्या घरच्या माणसाला एकदा नीट चालताना बघा. एक हात हलत नसेल तर डॉक्टरकडे न्या. आणि बँक नाही म्हणाली, तर काहून नाही, ते विचारा."

तीन दिवसांत तो व्हिडिओ राज्यभर फिरला. कंपनीनं खुलासा काढला की आपण केवळ सुरक्षेसाठी हालचाल मोजतो. वर्तमानपत्रांत लेख आले, विधानसभेत प्रश्न विचारायचं कुणीतरी कबूल केलं. आईला रोज फोन यायचे. यशोधराला पहिल्यांदाच आईच्या नजरेला नजर देता आली. आता लोक दवाखान्यात जातील, असं दोघींनाही वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी ती कामावर बसली असताना चंद्रपूरच्या एका केबिनमध्ये एक माणूस शिरला. छाती पुढे काढून, दोन्ही हात खांद्याएवढे उंच झुलवत, संचलनात असल्यासारखा. तिला हसू आलं. मग वाशीमला एक म्हातारी तशीच आली, नऊवारीत, मुठी वळून. मग जळगावला नवरा-बायको, एकाच तालात. अकरा वाजेपर्यंत अख्ख्या भिंतीवर माणसं परेड करत होती. बँकेच्या दारापर्यंत साधी चालत यायची, उंबरठ्यावर क्षणभर थांबायची, आणि मग हात झुलवत आत. बाहेर पडली की खांदे खाली.

 एक हात न झुलणाऱ्यांभोवती जागल्या काढायचा त्या पिवळ्या चौकटी भराभर विझत होत्या.

यशोधरानं डॉ. काझींना फोन लावला. "डॉक्टर, पेशंट वाढलेत का?"

"कमी झालेत," डॉक्टर म्हणाल्या. "जुने येतात, नवे कुणी नाही. तपासलं की डिजिटल आरोग्य खात्यात नोंद होते. आणि कर्जाच्या अर्जावर ते खातं बघायची संमती द्यावीच लागते आता. तुमच्या आईंनी सांगितलं हात बघा. लोकांनी बघितले, आणि लपवायला शिकले."

फोन ठेवून ती वळली तर मागे हरदास भिंतीकडे बघत उभा होता.

"तुझ्या आईनं यंत्र आंधळं करून टाकलं," तो म्हणाला. रागावलेला वाटत नव्हता. "उद्या खरंच कुणी पिस्तूल घेऊन असाच हात झुलवत आला तर? असो. पुढच्या महिन्यापासून बोटं बघायची. पिन दाबताना कोणतं बोट किती अडखळतं. ते मात्र कुणाला ठरवून बदलता येत नाही."

यशोधरानं त्याच दुपारी राजीनामा दिला.

*

रविवारी सकाळी भंडाऱ्याच्या घरी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, खाकी शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. तुळशीराम लांजेवार, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात, असं त्यांनी सांगितलं. व्हॅन मालकाची होती, स्वतःची घ्यायची होती.

"बाई, तुमचा व्हिडिओ पायला," ते म्हणाले. "माही पोरगी तुमच्याच शाळेत होती. मले एवढं शिकवा, बाप्पा."

"काय शिकवू?"

"हात हलवाले."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. लांजेवार अंगणात उतरले आणि चालून दाखवू लागले. दोन्ही हात झुलत होते, पण डावा हात पायाच्या आधी निघत होता, लाकडी खेळण्यासारखा.

"एका बँकेनं नाही म्हटलं. दुसरीत जाचं हाय. हे बराबर जमलं पायजे. तुमी ड्रिलच्या बाई, तुमाले येते."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"नाही दाखवत. कागदावर आलं का लोन गेलं, लायसन गेलं."

"लांजेवार, तुमच्या गाडीत पोरं बसतात ना?"

त्यांनी मान खाली घातली. "सावकाश चालवतो जी मी. कंदी काही झालं नाही."

आई पायरीवर बसली. यशोधरानं आईला आजारपण ऐकताना पाहिलं होतं, झडती घेतली गेली तेव्हा पाहिलं होतं. पण अशी हबकलेली ती पहिल्यांदाच दिसत होती. हा माणूस तिच्यामुळे इथे आला होता. तिनं सांगितलं त्यातलं अर्धंच घेऊन आला होता.

"मी नाही शिकवणार," ती शेवटी म्हणाली.

लांजेवारांनी दोन्ही हात जोडले, फाटक उघडलं आणि निघाले. रस्त्यावर गेल्यावर त्यांचा डावा हात पडला, अंगाला चिकटला आणि मग हललाच नाही. समोरून सायकलवरून पोरं येत होती. त्यांनी ओळखून 'काका, काका' म्हणून हाका मारल्या.

आई उठली. अनवाणीच फाटकाबाहेर गेली. "लांजेवार! थांबा!"

ते थांबले नाहीत. ती छोट्या छोट्या पावलांनी मागे जात राहिली, एकदा अडखळली, आणि यशोधरा धावली. पण आईनं हातानंच तिला अडवलं.

"ऐका तरी! बुधवारी मला नागपूरला जायचं आहे, डॉक्टरकडे. पोरगी येते, पण मला अजून एक माणूस पाहिजे सोबत. येता का? तुमचं नाव कुठं लागणार नाही. पेशंट मी. तुम्ही मला सोडायला आलेले."

लांजेवार वळले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला.  मग त्यांनी मान हलवली.

*

बुधवारी डॉ. काझींच्या दवाखान्याचा व्हरांडा गच्च भरलेला होता. बसायला जागा नव्हती. यशोधराला आश्चर्य वाटलं. डॉक्टर तर म्हणाल्या होत्या, नवे पेशंट येत नाहीत.

नर्स हातात यादी घेऊन बाहेर आली. "पेशंट कोण आहे?" तिनं पहिल्या बाकाला विचारलं.

"मी नाही," टोपीवाले आजोबा म्हणाले. "मी सोबत आलोय."

"तुम्ही?"

"मीही सोबत," शेजारची बाई म्हणाली. चाळिशीचीही नसावी.

"कुणासोबत?"

बाईनं खिडकीबाहेर पाहिलं. नर्स पुढच्या बाकाकडे गेली. मी सोबत. मी असाच आलो. मी आमच्या मामांची वाट बघतोय. यशोधरा एकेकाकडे बघत गेली. एकाचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होता. एकाचा अंगठा बोटावर गोळी वळल्यासारखा फिरत होता. एक तरुण पाण्याच्या नळापाशी गेला आणि परत आला, त्याचा डावा हात शिवून टाकल्यासारखा कुशीला होता. भिंतीवरच्या त्या पिवळ्या चौकटी हाडामांसाच्या होऊन इथे येऊन बसल्या होत्या. आणि यांच्यातलं कुणीच कुणासोबत आलेलं नव्हतं.

"कालही असंच," नर्स हताशपणे म्हणाली. "बसतात, दाराकडे बघतात आणि पाच वाजता उठून जातात. नाव सांगायला कुणी तयार नाही."

आतून डॉ. काझी दारात आल्या. "रामटेकेबाई, या. तुमचा नंबर आहे."

आई उठली. लांजेवारही उठले. आईनं दोन पावलं टाकली आणि थांबली. मग मागे वळून तिनं व्हरांडाभर नजर फिरवली. जुन्या सवयीनं, मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर, हे सगळे माझ्यासोबत आहेत."

कुणी हललं नाही. नळापाशी उभा असलेला तरुण तोंड पुसायचं थांबला.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग त्या बाकांकडे.  त्यांनी नर्सच्या हातून यादी घेतली, तिच्यावर आईचं एकच नाव ठेवून खालच्या रिकाम्या ओळींवर फुली मारली, आणि दाराची दोन्ही कवाडं पूर्ण उघडली.

"पेशंट एकच आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी पेशंटला सोडायला आत यायला हरकत नाही. फक्त एकेक करून या. आणि मुद्दाम हात हलवू नका. नेहमी चालता तसं चालत या."

टोपीवाले आजोबा सगळ्यांत आधी उठले.